मुदतीचे भांडवल

पडघ्याला गोदाम, भिवंडीत पेढी आणि घरात वाटणीचा विषय निघालेला; अशा वेळी परदेशी गुंतवणूक फंडाचा देकार आला की तो सर्व तंटे मिटविणारा वाटतो. सुज्ञ वाचकांनी त्यापूर्वी पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सचा इतिहास आठवावा. नारायण मूर्ती इन्फोसिस काढण्यापूर्वी याच कंपनीत नोकरीस होते.

जानेवारी २०११ मध्ये तिन्ही पटणी बंधूंनी आपला हिस्सा आयगेटला विकण्याचा करार केला. जनरल अटलांटिकचा वाटा धरून तो सुमारे ६३ टक्के होता. आयगेट तर पटणीहून लहान! मग पैसा आला कोठून? बराचसा कर्जरोख्यांतून, आणि काही लंडनच्या अपॅक्स पार्टनर्सकडून. अपॅक्सने मात्र आयगेटचे सामान्य भाग न घेता आठ टक्के लाभांशाचे, पुढे सामान्य भागांत बदलता येणारे अग्रहक्काचे भाग घेतले. आपल्या जुन्या पेढ्यांना ही सावधगिरी परकी वाटू नये.

असे फंड निवृत्तिवेतन निधींचा, विमा कंपन्यांचा पैसा साधारण दहा वर्षांच्या बोलीने घेतात. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच विक्रीचा विचार सुरू झालेला असतो. २०१२ मध्ये पटणी हे नाव पाटीवरून उतरले. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेट सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. बंधूंनी विकलेल्या हिश्श्याला त्या वाढीत वाटा नव्हता.

सही करण्यापूर्वी लेखी विचारावे: खरेदीसाठी काढलेले कर्ज कोणाच्या उत्पन्नातून फिटणार? फंड किती वर्षांनी बाहेर पडणार? आणि पडघ्याची जमीन व्यवहारातून आधीच वेगळी ठेवता येईल का, हे आपल्या सनदी लेखापालांकडून पाहून घ्यावे.