शब्दांची ओळख : 'बेअरहँडेड'

या वेळी आपण इंग्रजीतील 'बेअरहँडेड' हा शब्द घेऊ. 'बेअर' म्हणजे उघडा, आवरण नसलेला. स्पेलिंग बी, ए, आर, ई. बी, ई, ए, आर असे लिहिले तर ते अस्वल होते. उच्चार सारखाच असल्याने मुलांनी गल्लत करू नये.

या शब्दाचे अर्थ दोन. पहिला, हातमोजे न घालता. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाशिवाय दुसऱ्या क्षेत्ररक्षकाला हातमोजे घालता येत नाहीत. तो झेल घेतो तो बेअरहँडेड. दुसरा, हाती हत्यार वा अवजार नसताना. 'ही फॉट बेअरहँडेड' म्हणजे तो निःशस्त्र लढला. 'एम्प्टी-हँडेड' हा शब्द वेगळा. काही न मिळता रिकाम्या हाताने परतणे, असा त्याचा अर्थ.

मैदानावर हा शब्द कौतुकाचा आहे. कामावर मात्र तो तक्रारीचा आहे. गटारातला गाळ किंवा दवाखान्यातला कचरा नुसत्या हाताने उचलावा लागणे यात कसले शौर्य? ती काम देणाऱ्याची कसूर आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. संरक्षक साधने न देता व सुरक्षिततेची काळजी न घेता माणसाकडून गटार वा सेप्टिक टँक साफ करून घेणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले.

मात्र हातमोजे मिळाले म्हणून कुणी गटारात उतरू नये. विषारी वायू हातमोज्यांनी अडत नाही.

आता शब्द वाक्यात वापरू. 'वी आर मेड टू वर्क बेअरहँडेड.' म्हणजे, आम्हाला हातमोज्यांशिवाय काम करायला लावतात. घरात कुणी सफाईचे काम करीत असेल, तर शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने हे वाक्य वहीत लिहून ठेवू नये; अर्जात लिहावे. अर्ज मराठीत केला तरी चालेल. त्यावर तारीख घालावी, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.