शिवलेले जहाज

मागे कारवारास जाण्याचा योग आला असता तेथील टागोर किनाऱ्यावर ठेवलेली ‘चपल’ ही जुनी युद्धनौका आम्ही नातवंडांसह पाहिली. मुले हरखली, पण ‘आजोबा, माल नेणारे जुने जहाज कोठे पाहावयास मिळेल?’ या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो.

वास्तविक ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारातच नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या चित्रावरून, पाचव्या शतकातील घडणीचे, केरळी कारागिरांनी ते गोव्यात बांधले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. दाभण-सुतळीने पोती शिवून घेण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना यातील मर्म सांगावयास नको. आमचा टाका सैल पडला तर चार दाणे गळतात. तेथे समुद्रच आत यावयाचा! असे हे जहाज इंजिनावाचून २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदराहून निघाले व १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले.

अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावर रांजण मांडलेले आहेत. श्रीपालचरित्रातील धवलशेठची जहाजे आम्ही बालपणी केवळ कानांनी पाहिली. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ‘कौंडिण्य’च्या सफरी संपल्यावर ते ‘चपल’च्या शेजारी, मुलांना वर चढता येईल असे उभे करावे. आपल्या संघाने सरकारकडे तसा अर्ज करावा व निपाणी-बेळगावच्या शाळकरी मुलांच्या सहलीचा खर्च उचलावा. सत्कारांच्या हारतुऱ्यांत काटकसर केली तरी तेवढी रक्कम सहज निघेल.