स्वस्त कोण: सुरत की खानदेश?

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले आणि आता नंदुरबारात मोडणारे हे गाव. येथील माणसाला दोन राज्यांची तुलना करण्यास अहवालांची गरज भासत नाही. पेट्रोल भरायला तो पलीकडे जातो, कारण तिकडे कर कमी आहे; दारूबंदीमुळे पलीकडचा माणूस अलीकडे येतो.

अहवाल मात्र पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला सोयीचा एक सापडतो. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार १९६०-६१ मध्ये दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र गुजरातच्या पुढे होता. २०२३-२४ मध्ये गुजरात राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे १६१ टक्क्यांवर, तर महाराष्ट्र सुमारे १५१ टक्क्यांवर आहे. उलटपक्षी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण गुजरातेत ३९ टक्के आणि महाराष्ट्रात ३५ टक्के आढळले. म्हणजे जिथे पैसा अधिक, तिथे मुलांचे पोषण अधिक चांगले असे नाही. शिवाय महाराष्ट्राची सरासरी मुंबई-पुण्याने उंचावलेली. तीत साक्री किंवा पारोळ्याचा शेतकरी स्वतःला शोधू गेला तर त्याच्या हाती काय लागणार?

आमचा आक्षेप आकड्यांवर नाही, तुलनेच्या मापावर आहे. आपण राज्याला राज्याशी ताडून पाहतो. परंतु खानदेशातील हजारो कुटुंबे कोणत्याही एका राज्यात राहतच नाहीत. तापीकाठच्या लोहमार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबार ही गावे कधीच सुरतेला जोडली. अमळनेर आणि धुळ्याच्या कापडगिरण्या थंडावल्या. कोरडवाहू कापसाचा भरवसा कधीच नव्हता. तरुण मुले यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात कामाला लागली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज अहिराणी सर्रास ऐकू येते, आणि नवसारीतून लोकसभेत निवडून जाणारे सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्याचे आहेत.

या कुटुंबांना विचारले तर ती म्हणतात, सुरत परवडते. तिथे रोज काम मिळते. पण हे परवडणे कशाच्या बळावर, हेही पाहिले पाहिजे. गावाहून ज्वारी-डाळीची पोती येतात. सून बाळंतपणाला माहेरी येते. अंथरुणाला खिळलेला कामगार गावी परततो, आणि त्याचे म्हातारे आईवडील तर तिथेच असतात. या सर्व गोष्टींचा खर्च शेत, घर आणि घरातील बाया उचलतात. म्हणून सुरतेतील मजुरी पुरेशी वाटते. कामाची उमेदीची वर्षे गुजरातला मिळतात, बालपण आणि म्हातारपण खानदेशच्या वाट्याला येते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अधिक उघडे आहे. धुळे-नंदुरबारचे आदिवासी नवरा-बायको ‘कोयता’ म्हणून बारडोलीकडच्या उसाच्या फडात जातात, उचल आधीच घेतलेली असते, आणि मुले सोबत गेली की त्यांची शाळा सुटते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील अशा मजुरांचा अनेक दशके अभ्यास केला. परंतु साखरेचे उत्पन्न एका राज्याच्या खात्यात आणि बुडालेली शाळा दुसऱ्याच्या, असा हिशेब मांडणारा तक्ता आमच्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, स्थलांतर सर्वत्र असते; माणसे स्वेच्छेने जातात, पैसे पाठवतात, गावी पक्की घरे उभी राहतात. हे खरेच आहे, आणि कोणीही सुरतेचा रस्ता अडवावा असे आम्ही सुचवत नाही. पण १ मे १९६० रोजी ओढलेली रेषा जर मजुरीला आडवी येत नाही, तर ती शाळेला, दवाखान्याला आणि म्हातारपणाच्या आधारालाच का आडवी यावी? जो कामगार दोन राज्यांना श्रम आणि आयुष्य वाटून देतो, त्याची जबाबदारीही दोघांनी वाटून घेतली पाहिजे. तोवर कोणते राज्य स्वस्त, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण एवढे तरी विचारावे, की त्या स्वस्ताईची किंमत कोणाच्या घरात मोजली जात आहे.