चढणीचे मासे आणि खोडलेला शब्द

जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर नदीतले मासे ओढ्यांतून आणि शेतातल्या पाटांतून वर चढू लागतात. अंडी घालण्यासाठी त्यांना उथळ, वाहते पाणी हवे असते. आमच्याकडे त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. महिना, पाऊस, प्रवाहाची दिशा आणि हेतू या चारही गोष्टींचे निरीक्षण त्या एका शब्दप्रयोगात सामावलेले आहे.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी परवानगीचा अर्ज तपासून घेण्यासाठी आमच्याकडे आली होती. तिचा विषय प्राणिशास्त्र. तिच्या प्रबंधाच्या आराखड्यात 'चढण' हा शब्द होता. मार्गदर्शकांनी तो तांबड्या शाईने खोडून 'स्थानिक समजूत' असा शेरा मारला होता. आम्ही पडलो वकील. ताटाबाहेरच्या माशांविषयी आमचे ज्ञान बेताचेच. परंतु साक्ष फेटाळताना कारण द्यावे लागते, एवढे आम्हांला निश्चित कळते. तिथे कारण दिलेले नव्हते.

त्या शब्दाची तपासणी करणे हेच खरे संशोधन ठरले असते. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते आणि पुढे बेळगाव जिल्ह्यातच घटप्रभेला मिळते. या नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका लहानशा माशाला 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचेच नाव दिले: शिस्टुरा हिरण्यकेशी. त्यानंतर 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते उगमस्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण उगमाला लाभलेले हे कौतुक खालच्या प्रवाहाच्या वाट्याला किती आले, हा प्रश्न उरतोच. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे काढतात आणि पावसाळा सरला की पुन्हा घालतात. बरगे कोणत्या तारखेला निघाले, पहिला पूर केव्हा आला, बंधाऱ्याच्या वर आणि खाली कोणते मासे किती मिळाले, पाण्यातला प्राणवायू किती होता, दगडाखाली कोणत्या कीटकांच्या अळ्या होत्या, हे दोन सत्रे नियमाने नोंदवले तरी एम.एस्सी.चा उत्तम प्रबंध होतो. जाळे, तापमापी आणि पाणी तपासण्याची साधी पेटी एवढ्यावर काम सुरू होते. शिवाय 'चढणीच्या वेळी बरगे आडवे येतात काय' या प्रश्नाचे उत्तर पाटबंधारे खात्यालाही उपयोगी पडेल.

संधी अगदीच नाहीत असे नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गोड्या पाण्याची परिसंस्था आणि तिचे संवर्धन या विषयाची स्वतंत्र एम.एस्सी. आहे. देशातील तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती आहे. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. मात्र त्या परीक्षेची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि खानापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला तिथवर पोहोचताना आपली निम्मी शब्दसंपत्ती दाराबाहेर ठेवावी लागते.

परवानगीचे प्रकरण वेगळेच. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते. तिचा अभ्यास अभयारण्यांच्या हद्दीत करायचा, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 28 खाली भीमगडसाठी कर्नाटकाच्या आणि म्हादई अभयारण्यासाठी गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतात. दोन राजधान्यांतून उत्तरे येईपर्यंत सत्र संपते. लवादाने 2018 मध्ये म्हादईचे पाणी तीन राज्यांना टीएमसीत वाटून दिले. त्याच नदीतले मासे मोजू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र या राज्यांना अद्याप एक खिडकी उघडता आलेली नाही. म्हणून आमचा सल्ला असा की, पहिला प्रबंध अभयारण्याबाहेरच्या टप्प्यावर करावा आणि म्हादईचा अर्ज एक सत्र आधी टाकावा. कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या विद्यापीठांनी अशा प्रबंधांना सहमार्गदर्शक द्यावेत, ही मागणी आम्ही करतो.

आमच्या चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. फलकांसाठी आम्ही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, पुढेही झिजवू. पण जैवविविधता अधिनियमाच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती असते, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही करणे हे तिचे काम आहे. आपल्या गावच्या नोंदवहीत मरळ, वाम, शिंगटी ही नावे आहेत की नाहीत, हे आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले? कन्नड नावाशेजारी मराठी नाव लिहून मागण्यात कोणाचाही अधिक्षेप नाही. पाण्यात दोन्ही नावांचा मासा एकच असतो. नाव गाळले गेले असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार तक्रारीचे निवेदन मराठीतही देता येते.

ती विद्यार्थिनी पुढे दुसऱ्या विषयाकडे वळली. तिच्या अर्जाचा मसुदा आमच्या कपाटात अजून आहे. नावाची आणि तारखेची जागा कोरी करून ठेवली आहे. ज्याला हवा त्याने जूनच्या आत न्यावा. पहिल्या पावसानंतर नेला तर वर्ष वाया जाईल.