पक्षी कोणाचा?

कागदावर चोच, डोळा, पंख आणि दोन पाय एवढेच काढलेले असले, तरी आपण सुशिक्षित मंडळी लगेच अर्थ सांगू लागतो. उडणारा पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, पिंजऱ्यातला म्हणजे स्त्री, फांदीवर एकटा बसलेला म्हणजे आधुनिक मानव! परीक्षेत रसग्रहणाचे गुण मिळवता मिळवता जडलेली ही सवय आहे. चित्राला सामाजिक अर्थ असतो, याबद्दल वाद नाही. पण तो पक्ष्याच्या पोटात दडलेला नसतो. चित्र कोणी काढले, कशावर काढले आणि कोणासाठी काढले, यात तो शोधावा लागतो.

आपल्याच मध्य प्रदेशातले उदाहरण घ्या. जनगढ सिंह श्याम हा पाटणगढचा परधान गोंड तरुण. भिंतीवरचे त्याचे काम १९८१ साली भारत भवनासाठी हिंडणाऱ्या मंडळींच्या नजरेस पडले आणि चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले. त्याचे पक्षी साधे आहेत : एक ठसठशीत आकृती आणि तिच्यात ठिपक्यांच्या व रेघांच्या ओळी. परंतु परधान हे गोंडांचे गाथागायक. बाना वाजवून यजमानाच्या दारी देवांच्या व वंशाच्या कथा गायच्या आणि दान घ्यायचे, ही त्यांची वृत्ती. यजमानच गरीब झाल्यावर ती आटत गेली. गाणाऱ्यांची पुढची पिढी कागदाकडे वळली. यजमानाची जागा संग्रहालयाने आणि गिऱ्हाइकाने घेतली. त्या पक्ष्याचा सामाजिक अर्थ हा आहे.

गंमत अशी की, स्वामीनाथन स्वतःही वर्षानुवर्षे पक्षी आणि डोंगरच रंगवीत होते. मग त्यांचा पक्षी आधुनिक आणि जनगढचा आदिम कसा? हा भेद त्यांनाच मान्य नव्हता. १९८२ साली सुरू झालेल्या भारत भवनात त्यांनी शहरी व आदिवासी कला एकाच छपराखाली मांडल्या. जनगढ मात्र २००१ साली, एका संग्रहालयासाठी चित्रे काढायला गेला असता, जपानमध्ये वारला.

रामाकोन्याहून छिंदवाड्याला आपले नित्य जाणेयेणे असते. तेथे १९५४ पासून आदिवासी संग्रहालय आहे. विद्यार्थी मित्रांनी ते अवश्य पाहावे. पण तेथे किंवा कोठेही चित्रातला पक्षी दिसला, तर अर्थ सांगण्याची घाई करू नये. खाली काढणाऱ्याचे नाव आहे की नुसते जमातीचे, एवढे आधी वाचावे. नाव नसेल, तर ते का नाही हे तेथल्या माणसाला विचारावे.