चेहऱ्याला गिऱ्हाईक, नावाला वाली नाही!

दिवाळीच्या तोंडावर मराठी घरात दोन कामे हटकून निघतात, एक भाजणीचे आणि दुसरे माळा झाडण्याचे. भाजणीबद्दल माझे काही म्हणणे नाही. माळ्यावरून जी पत्र्याची ट्रंक खाली येते, तिच्याबद्दल मात्र पुष्कळ आहे. तिच्यात लग्नपत्रिका निघतात, खरेदीखतांच्या नकला निघतात आणि एखाद्या वहीत जपून ठेवलेली जुन्या नटांची फोटोकार्डे निघतात. संध्याकाळपर्यंत हा सारा ऐवज रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो.

रद्दीवाल्याशी माझे भांडण नाही. कागदाचे वजन ओळखणे एवढेच त्याचे काम. माझे भांडण आहे ते या कार्डांची किंमत आपल्याला कळते असे मानणाऱ्या शौकीन संग्राहकाशी. रद्दीवाला कार्डाला एकदाच मारतो. संग्राहक त्याला चौकटीत घालून रोज मारतो.

गेल्या शतकाच्या आरंभी चित्रांची पोस्टकार्डे पाठवण्याचे वेड जगभर पसरले होते. गायिका गोहरजान हिची छबी कार्डांवरून गावोगाव गेली. आपल्याकडे तो नाटकमंडळ्यांच्या बहराचा काळ. आज त्या काळाचे आपल्या हाती उरले आहे तरी काय? भाऊराव कोल्हटकर वारले १९०१ साली आणि ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात गाणी भरून घ्यायला सुरुवात केली १९०२ साली. बालगंधर्वांनी भामिनी रंगवली १९११ साली, रुक्मिणी १९१६ साली, सिंधू १९१९ साली. पण पडद्यावर ते आले १९३५ च्या ‘धर्मात्मा’त, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आणि तेही एकनाथांच्या पुरुषवेषात. म्हणजे ज्या भामिनीचे लुगडे आणि वेणी पाहून तुमच्या-आमच्या पणज्या आरशापुढे उभ्या राहिल्या, ती भामिनी डोळ्यांनी पाहायची तर फोटोच पाहिला पाहिजे.

मग संग्राहक तेच तर जपतो ना? जपतो, पण अर्धेच. कार्डाला दोन बाजू असतात, हे त्याच्या गावीही नाही. मी येडशीचा शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पदवी वगैरे नाही. माझ्याजवळ अशी सतरा कार्डे आहेत. त्यांतले एक आमच्याच गावच्या एका घरातून आले. पुढे नऊवारीतला एक स्त्रीपार्टी नट, मागे मोडीत चार ओळी. मोडी जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून त्या वाचून घेतल्या. सोलापुरात शिकायला राहिलेल्या मुलाने धाकट्या भावाला कळवले होते की काल रात्री नाटक पाहिले, फार रडू आले, आणि हे वडिलांच्या कानावर घालू नकोस. आता सांगा, या कार्डाचे मोल पुढच्या बाजूला किती आणि मागच्या बाजूला किती?

हेच कार्ड मी शहरातल्या एका व्यापाऱ्याला दाखवले. तो म्हणाला, “मागच्या रेघोट्या कोण बघतो, गुरुजी? चिकटवून टाका जाड पुठ्ठ्यावर.” तिकिटाची जागा तर आधीच रिकामी होती, ते कोणा तिकिटे जमवणाऱ्याने सोलून नेले होते. आमच्या भागात त्या तिकिटाला फार अर्थ होता. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी निजामाच्या. निजामाची स्वतःची टपाल-तिकिटे १८६९ पासून होती. १९११ साली बार्शी लाईटची छोटी गाडी लातूरला पोचली आणि ती रोज ही हद्द ओलांडत असे. कार्ड कोणत्या राज्यातून कधी निघाले ते तिकीट आणि शिक्का सांगतात. ते गेले की कार्ड मुके झाले.

याहून मोठा अपराध पुढेच आहे. बाजारात मागणी एकाच नावाला. म्हणून नऊवारी नेसलेला जो जो पुरुष सापडेल तो तो ‘बालगंधर्व’ म्हणून विकला जातो. बालगंधर्वांचा मोठेपणा कोण नाकारील? पण गावोगावच्या मंडळ्यांत किती पोरे साडी नेसून उभी राहिली! त्यांना ना चरित्र मिळाले, ना पुतळा. उरला होता एक फोटो. त्यावरही दुसऱ्याचे नाव घालायचे, म्हणजे मेलेल्या माणसाचे दुसऱ्यांदा मरण. माझ्या सतरा कार्डांपैकी नटाचे नाव आहे पाचांवर. बाकीच्या बारांना नाव देण्याचा मोह मी आवरला आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: “आम्ही घेतली नसती तर वाळवीने खाल्ली असती.” मान्य. पण पुण्याच्या दिनकर केळकरांनीही दिवे नि अडकित्ते जमवलेच होते. त्यांनी १९६२ साली तो संग्रह सरकारच्या, म्हणजे लोकांच्या हवाली केला. वाळवीपासून वाचवून कुलपात कोंडणे हे काही वाचवणे नव्हे. आणि एका जागी ठेवलेल्या वस्तूची शाश्वती तरी कोणी द्यावी? शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती!

म्हणून माझे मागणे लहान आहे, आणि ते संग्राहकाआधी तुमच्या घराकडे आहे. कार्ड सापडले तर गोंद लावू नका, प्लॅस्टिकमध्ये आवळू नका. मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. जे खात्रीने ठाऊक असेल तेवढेच वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला. नट ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि फराळाला घरातली वडील माणसे जमतील तेव्हा ते कार्ड उलटे करून त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, “आजी, हे अक्षर कोणाचे?” चेहऱ्याची किंमत पुढे कोणीही करील, अक्षर ओळखणारे माणूस मात्र आज आहे, पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही.