जुन्या गाडीचे ब्रेक आणि आपण

सभासद बंधूंनो, मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी ती आपल्याकडे अजून धावतेच आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक नीट धरेना की कुणी सांगतो, "शर्यतीच्या गाडीचे कडक पॅड टाका." ते काही खरं नव्हे. तसले पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. कंपनीच्या मापाचेच चांगले पॅड घ्यावेत, दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. डिस्क आणि ब्रेक ऑईलही तपासावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. हंगामात लातूरच्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असली, तर पॅडमध्ये वाचवलेले पैसे काय कामाचे? अन् ट्रॉलीही आपलीच. तिला रिफ्लेक्टर लावणे हेही आपलेच काम.